एक मार्ग, अनेक गावे : मुंबई–पुणे पट्ट्याच्या प्रादेशिक नियोजनाचा विचार



दिवंगतांच्या स्मृतीस वंदन करण्याचे अनेक प्रकार आपल्या समाजात रूढ आहेत. त्यांपैकी लोकहिताचा एखादा प्रश्न भर सभेत मांडून त्याचा सांगोपांग विचार करण्याचा जो प्रघात न्यायमूर्ती रानडे यांच्या काळापासून महाराष्ट्राने जोपासला आहे, तो मला सर्वांत उचित वाटतो. आणि त्या प्रघातास अनुसरून आज येथे बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी या व्याख्यानमालेच्या चालकांचा ऋणी आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांनी मला दिले. ज्या मार्गाने आपल्यापैकी पुष्कळजण वारंवार जातात, परंतु ज्याच्या दुतर्फा वसलेल्या गावांचा विचार गाडीच्या वेगामुळे मनात फारसा टिकत नाही, त्या मुंबई–पुणे मार्गाचा आणि त्यावरील प्रदेशाच्या भवितव्याचा विषय मी निवडला आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगतो. एकाच मार्गाचा लाभ आणि भार ज्या गावांना वाटून घ्यावयाचा आहे, त्यांनी जमीन, पाणी आणि महसूल यांविषयीचे निर्णयही एकत्र बसूनच केले पाहिजेत. तसे जोवर होत नाही, तोवर मार्गाच्या दोन टोकांची भरभराट होत राहील आणि तिची किंमत मधल्या गावांना मोजावी लागेल.

बोरघाटाचा मार्ग फार प्राचीन आहे. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल देशावर चढविणारे तांडे याच घाटवाटांनी जात असत, आणि कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी या व्यापारी मार्गाच्या आश्रयानेच कोरली गेली. कार्ल्याच्या शिलालेखांत वैजयंतीच्या एका श्रेष्ठीचे दान नोंदलेले आहे. उषवदात नावाच्या दात्याने तेथील भिक्षूंच्या योगक्षेमासाठी करजिक नावाचे गाव दिल्याचीही नोंद आहे. मार्गावरून वाहणाऱ्या संपत्तीचा काही अंश मार्गालगतच्या भूमीवर ठेवून जाण्याची बुद्धी त्या काळच्या दात्यांस होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते. पुढे १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाट चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला, १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढू लागली आणि २००२ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधलेला सुमारे ९४ किलोमीटर लांबीचा द्रुतगती मार्ग पूर्णत्वास गेला. या प्रत्येक टप्प्यावर मुंबईहून पुण्यास पोहोचण्यास आता किती कमी वेळ लागणार, याचाच हर्ष प्रामुख्याने झाला. खालापूर आणि मावळ या दोन तालुक्यांतील रयतेचा जीवनक्रम त्यामुळे कसा बदलेल, हा प्रश्न मात्र हिशेबात क्वचितच धरला गेला.

वस्तुतः बदल प्रचंड झाला. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर भोसरी, चिंचवड, आकुर्डी या परिसरात यंत्रांचे आणि मोटारींचे कारखाने एकामागोमाग एक आले. आणि ज्या गावांची ओळख चिंचवडच्या मोरया गोसावींच्या समाधीने किंवा भोसरीच्या शेतशिवाराने होत असे, त्यांचे मिळून १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड हे एक नवे नगर बनले. १९८२ साली तेथे महानगरपालिका आली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सतरा लाखांच्या वर गेल्याचे दिसून आले. दुसऱ्या टोकास पनवेल हे १८५२ पासून नगरपालिका असलेले जुने गाव. त्याच्या भोवती नवी मुंबई पसरत आली आणि २०१६ मध्ये तेही महानगरपालिका झाले. मधल्या भागात खोपोली, लोणावळा, तळेगाव ही गावे फुगली, डोंगरउतारांवर बंगल्यांच्या वसाहती चढल्या आणि भातखाचरांचे सातबारे भराभर दुसऱ्यांच्या नावे झाले. ही वाढ कोणी एकाने योजली नव्हती. अनेकांनी आपापल्या अधिकारक्षेत्रापुरती मंजुरी दिली, आणि त्या मंजुऱ्यांची बेरीज होऊन आजचा पट्टा तयार झाला.

याचा अर्थ महाराष्ट्रात दूरदर्शी विचार कोणी केलाच नाही, असा मात्र मुळीच नव्हे. १९५८ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने मुंबईची दाटी कमी करण्यासाठी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडील भूमी विकसित करावी, असे सुचविले. त्यानंतर १९६५ साली शासनाने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष प्रा. धनंजयराव गाडगीळ होते. आणि तिच्याकडे मुंबई–पनवेल व पुणे या दोन्ही प्रदेशांच्या योजनांचा विचार एकाच वेळी सोपविण्यात आला होता, ही गोष्ट माझ्या दृष्टीने अतिशय महत्त्वाची आहे. मार्गाच्या दोन्ही टोकांकडे एकाच नजरेने पाहणारा तो पहिला मोठा प्रयत्न होता. मुंबईतील उद्योगांच्या वाढीस कडक आळा घालावा, आणि खाडीपलीकडे एकच अवाढव्य नगर न उभारता अडीच लाखांहून कमी वस्तीची, परस्परांपासून अलग राहणारी अनेक केंद्रे वसवावीत, असा त्या समितीच्या विचाराचा रोख होता. सहकारी साखर कारखानदारीच्या आरंभापासून ग्रामीण अर्थव्यवस्थेशी ज्यांचा निकट संबंध होता, त्या गाडगीळांना मोकळ्या शेतजमिनीचे पट्टे दोन नगरांच्या मध्ये राखून ठेवण्याचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

या विचारास कायद्याचे अधिष्ठानही लाभले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ साली संमत होऊन जानेवारी १९६७ पासून अमलात आला. प्रदेश आखावा, त्यासाठी प्रादेशिक नियोजन मंडळ नेमावे आणि त्या मंडळाने शेती, वने, वसाहती, उद्योग, दळणवळण, पाणीपुरवठा या सर्वांचा मेळ घालणारी योजना सिद्ध करावी, अशी तरतूद त्यात आहे. परंतु प्रत्यक्षात मुंबई आणि पुणे असे दोन निराळे प्रदेश आखले गेले आणि घाटमाथा हीच त्या दोहोंची सरहद्द ठरली. त्यानंतर १९७० मध्ये सिडको आली, १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचे प्राधिकरण आले, २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी ‘नैना’ आली, २०१५ मध्ये पुण्याचे महानगर प्राधिकरण आले. शिवाय औद्योगिक महामंडळाची क्षेत्रे निराळी, देहू रोडचा लष्करी छावणी परिसर निराळा, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती निराळ्या. यांतील प्रत्येक संस्थेस काही सार्थ प्रयोजन आहे, हे मी मान्य करतो. तथापि पनवेल, खालापूर, मावळ आणि हवेली या चार तालुक्यांतून जाणारा मार्ग एक असताना, त्या मार्गाने काय आणले आणि काय नेले याचा समग्र हिशेब ज्याच्या दफ्तरात सापडेल असे एकही कार्यालय आज अस्तित्वात नाही.

हा दोष किती गंभीर आहे, हे पाण्याच्या प्रश्नाकडे पाहिल्यास सर्वांत स्पष्ट होते. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सपाटीवर पुण्यापर्यंत येईतो त्याचे प्रमाण सात-आठशेंवर उतरते. अर्थात पूर्वेकडील सारी नगरे मावळातील पावसावर जगतात. इंद्रायणी आणि पवना या नद्या ते पाणी भीमेच्या खोऱ्यात नेतात. परंतु १९१५ पासून टाटांच्या जलविद्युत् योजनेने लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस उतरविले. तेथे वीज निर्माण झाल्यावर ते पाताळगंगेत जाते, आणि पाताळगंगेच्या काठची औद्योगिक वसाहत त्या प्रवाहावर उभी आहे. म्हणजे घाटमाथ्यावरील एकाच ढगाचे पाणी पिंपरीच्या घरांत जाते, रसायनीच्या कारखान्यांत जाते आणि मुंबईच्या दिव्यांतही जाते. निसर्गाने आणि मानवी उद्योगाने हा पट्टा इतका एकजीव केला असताना, नियोजनाने मात्र घाटमाथ्यावर रेघ ओढून त्याचे दोन तुकडे केले आहेत.

या तुकड्यांची किंमत माणसांनी दिली आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडपर्यंत बंद जलवाहिनी नेण्याची योजना आली तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. नदीतून वाहणारे पाणी नळात बंदिस्त झाल्यावर काठच्या शेतीचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याच धरणासाठी ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्यापैकी अनेकांचे पुनर्वसन दशकानुदशके रखडलेले होते, ही त्यामागील वेदना होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावरच आंदोलन झाले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर ती योजना कित्येक वर्षे ठप्प राहिली. सतरा लाखांच्या नगरास स्वच्छ पाणी हवे, ही मागणी न्याय्यच होती. नदीकाठच्या शेतास पाणी हवे, हीही मागणी तितकीच न्याय्य होती. ज्या ठिकाणी दोन न्याय्य मागण्या समोरासमोर बसून, आकडे तपासून, काही सोडून आणि काही मिळवून तडजोड करू शकल्या असत्या, असे व्यासपीठच उपलब्ध नव्हते. म्हणून कज्जा रस्त्यावर आला, आणि तोही नेमका त्याच रस्त्यावर, ज्याने ही वाढ आणली होती.

जमिनीचा इतिहासही फारसा निराळा नाही. पश्चिमेच्या टोकास नवी मुंबईसाठी संपादन केलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जो लढा दिला, त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ खातेदारास परत देण्याचे तत्त्व पुढे आले. जमीन देणाऱ्यास एकदाच रोख रक्कम देऊन वाटेला लावू नये, वाढत्या मूल्यात त्याचा कायमचा वाटा असावा, हा विचार त्यामागे आहे आणि तो सर्वस्वी योग्य आहे. आमच्या प्रांतास तो अगदी नवा होता, असेही नाही. मुंबई इलाख्याने १९१५ मध्येच नगररचनेचा कायदा केला होता, आणि नगररचना परियोजनेच्या पद्धतीत सर्वांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते व सार्वजनिक जागा काढून घेऊन, उरलेली भूमी नव्या आकाराच्या भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत करण्याची सोय आहे. हे साधन हाताशी असताना आपण सक्तीच्या संपादनाचा मार्ग अधिक वापरला, आणि जेथे संपादन झाले नाही तेथे गुंठ्या-गुंठ्याने जमिनी विकल्या जाऊ दिल्या. परिणामी रस्त्याकाठी दुकाने आणि गोदामे आली, परंतु त्यांच्यामागे सांडपाण्याची व्यवस्था, शाळा किंवा दवाखाना यांसाठी जागाच उरली नाही. आणि देहू व आळंदीच्या काठाने वाहणारी इंद्रायणी, जिच्या स्नानास वारकरी पिढ्यानपिढ्या येतात, तिच्यावर आज फेस तरंगताना दिसतो.

डोंगरांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. २०१५ च्या पावसाळ्यात आडोशी बोगद्याजवळ द्रुतगती मार्गावर दरडी कोसळल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या पायथ्याशी असलेली ठाकरांची इरशाळवाडी ढिगाऱ्याखाली गेली. या दुर्घटनांची कारणे सारखी नाहीत आणि प्रत्येक दरडीचा दोष रस्त्यावर किंवा बांधकामावर ठेवणे अशास्त्रीय ठरेल. परंतु हा प्रदेश नाजूक आहे, आणि कोणता उतार वस्तीस योग्य, कोणता अयोग्य, कोणती वाडी सुरक्षित जागी हलवावयास हवी, याचा निर्णय तालुक्याच्या सरहद्दीवर थांबणारा असू शकत नाही, इतके तरी त्यांवरून शिकले पाहिजे. प्रा. गाडगीळांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयी जो अहवाल दिला, त्यात संवेदनशील भागांच्या संरक्षणाबरोबरच ग्रामसभांना निर्णयप्रक्रियेत स्थान देण्याचा आग्रह होता. पित्याने नगरांच्या वाढीस मर्यादा सुचविली आणि पुत्राने पर्वताच्या सोसण्याची मर्यादा दाखविली. या दोन्ही अहवालांची एकत्रित गरज ज्या भूभागास सर्वाधिक आहे, तो हाच पट्टा होय.

आता उपायांकडे वळतो. नवे प्राधिकरण निर्माण करा, असे मी सुचवीत नाही. मंजुरीच्या खिडक्यांत आणखी एकीची भर घातल्याने रयतेचे हेलपाटे तेवढे वाढतील. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आणि महानगर नियोजन समिती या दोन संस्था निर्माण केल्या आहेत. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताचे विषय, भूमीच्या वापराचे नियोजन आणि पाण्यासह नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी, हीच त्यांची कामे घटनेने सांगितली आहेत. आणि महानगर समितीतील दोन-तृतीयांशांहून कमी नसतील इतके सदस्य लोकनियुक्त सदस्यांतून व पंचायतींच्या अध्यक्षांतून निवडले जावेत, असेही तिने ठरवून दिले आहे. माझी सूचना अशी की, रायगड आणि पुणे या जिल्ह्यांच्या समित्या व दोन्ही महानगरांच्या समित्या यांनी मिळून या मार्गपट्ट्यासाठी एक संयुक्त मंडळ नेमावे, त्यात मार्गावरील ग्रामपंचायतींचे सरपंच बहुसंख्य नसले तरी दुर्लक्ष करता येणार नाही इतक्या संख्येने असावेत, आणि त्या मंडळाच्या संमतीवाचून पट्ट्यातील कोणताही मोठा प्रकल्प किंवा झोनबदल शासनापुढे जाऊ नये.

या मंडळाने तीन करार सर्वप्रथम करावेत. पहिला करार पाण्याचा. आपल्या खेड्यांत सामाईक विहिरीवर भावकीच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि दुष्काळातही त्या सहसा मोडल्या जात नाहीत. त्याच न्यायाने पवना, इंद्रायणी आणि घाटाखाली उतरणारे पाणी यांत नगर, शेत, वीज आणि कारखाना यांचा वाटा किती, टंचाईच्या वर्षी प्रथम कोणी कपात सोसावयाची, आणि वापरलेले पाणी शुद्ध करूनच नदीत सोडण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरावे. दुसरा करार जमिनीचा. वाढ कोणत्या गावांत एकवटावयाची आणि त्यांच्या मध्ये कोणते शेतीचे व वनांचे पट्टे अबाधित राखावयाचे, हे नकाशावर निश्चित व्हावे. जेथे वाढ व्हावयाची तेथे नगररचना परियोजनेने मूळ खातेदारास भागीदार करावे. आणि ज्याची जमीन हिरव्या पट्ट्यात राहिली त्यास त्या निर्बंधाचा मोबदला नियमाने मिळावा. नाहीतर एका शेताचे भाव गगनास भिडतात आणि बांधापलीकडचे शेत कायमचे अडकून पडते, असा अन्याय नियोजनाच्याच नावाने होईल.

तिसरा करार महसुलाचा, आणि तो सर्वांत कठीण आहे. कारखाना ज्या हद्दीत पडतो तिला कर मिळतो. त्याचा धूर, त्याची रहदारी आणि त्यातील कामगारांची घरे मात्र शेजारच्या हद्दीत येतात. त्यामुळे प्रत्येक नगरपालिका आणि ग्रामपंचायत आपल्याच शिवारात कारखाना ओढू पाहते आणि एकत्रित योजनेचा पायाच खचतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९७१ मध्ये यावर एक कायदा केला. मिनिआपोलिस व सेंट पॉल या जुळ्या नगरांच्या सात काउंटींच्या प्रदेशात व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात त्या वर्षानंतर जी वाढ झाली, तिचा चाळीस टक्के भाग एकत्र करून सर्व स्थानिक संस्थांत ठरलेल्या सूत्राने वाटला जातो. अर्धशतकाहून अधिक काळ ती व्यवस्था चालू आहे. आधीचे उत्पन्न कोणाचेही हिरावले जात नाही, केवळ नव्या वाढीचा अंश वाटला जातो, म्हणून ती टिकली. आमच्या मालमत्ता कराच्या बाबतीतही असा प्रयोग या पट्ट्यात करण्यास काय प्रत्यवाय आहे? धरणासाठी बुडालेल्या आणि द्रुतगती मार्गासाठी दुभंगलेल्या गावांस पिंपरीच्या आणि पनवेलच्या वाढीतील काही अंश हक्काने मिळू लागला, तर पुढील जलवाहिनीची चर्चा निराळ्या वातावरणात होईल.

अशा व्यवस्थेने विकासाची गती मंदावेल, हा आक्षेप माझ्या परिचयाचा आहे. परंतु एका आंदोलनाने ठप्प झालेली योजना ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी एकत्र बसण्यास लागणाऱ्या काही महिन्यांची तक्रार करू नये. मोठी नगरे आपला अधिकार सोडणार नाहीत, हा दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. आणि म्हणूनच हे काम मंडळाच्या सदिच्छेवर न सोपविता विधिमंडळाने त्यास कायद्याचे बळ दिले पाहिजे.

हा प्रश्न आता एका घाटाचा राहिलेला नाही. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला असून तो दहा जिल्ह्यांतून जातो. कोकणचा महामार्ग रुंद होत आहे. आणि प्रत्येक ठिकाणी, रस्ता झाला की जमिनीचे भाव प्रथम धावतात आणि योजना मागाहून लंगडत येते. बोरघाटाच्या पट्ट्यात जे शहाणपण आपण उशिरा आणि रक्त सांडल्यावर शिकलो, ते वाशीम, बुलढाणा आणि जालना येथील गावांना आधी मिळावे, असे मला कळकळीने वाटते.

यास्तव या सभेस माझी विनंती आहे. आपल्यापैकी जे पत्रकार आहेत त्यांनी रस्त्याच्या लांबी-रुंदीबरोबर त्याच्या काठच्या गावांचे पाणी आणि सातबारे यांचीही नोंद ठेवावी. जे वकील व अभियंते आहेत त्यांनी प्रारूप योजना प्रसिद्ध होताच ती गावकऱ्यांस समजेल अशा मराठीत उलगडून सांगावी आणि हरकती मुदतीत दाखल करण्यास साह्य करावे. आणि जे लोकप्रतिनिधी येथे उपस्थित आहेत त्यांनी संयुक्त मंडळाचा आणि महसुलाच्या वाटणीचा प्रश्न विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनात मांडावा. १९६६ चा कायदा आपल्या हाती आहे, घटनेची तरतूदही आपल्या हाती आहे. त्या दोहोंचा वापर करण्याचा निर्धार तेवढा आता आपण करावयाचा आहे.